नीतीचे प्रामाण्य आणि ईश्वर

ईश्वरावर विश्वास न ठेवता नीती वस्तुनिष्ठ राहू शकते काय, हा प्रश्न एका वाक्यात मांडता येत असला तरी त्यात अनेक प्रश्न गुंतलेले आहेत, आणि ते परस्परांपासून सोडवून घेतले नाहीत तर वाद कितीही रंगला तरी हाती काही लागत नाही. ईश्वर न मानणारा माणूस सदाचारी असू शकतो की नाही, हा त्यांतील सर्वांत सोपा प्रश्न असून त्याचे उत्तर अनुभवाने केव्हाच दिलेले आहे. बुद्धाच्या आणि महावीराच्या अनुयायांनी जगत्कर्ता ईश्वर न मानता शतकानुशतके अहिंसेचे आणि अपरिग्रहाचे जे कठोर नियम पाळले, ते पाहिल्यावर या मुद्द्यावर अधिक वेळ खर्च करण्याचे कारण उरत नाही. चांगले कोणते आणि वाईट कोणते हे कळण्यासाठी ईश्वराचे वचन लागते काय, हा त्याहून वेगळा, ज्ञानाचा प्रश्न आहे. परंतु खरा प्रश्न या दोहोंच्याही मुळाशी आहे, आणि तो असा, की चांगले ते चांगले आणि वाईट ते वाईट मुळात कशामुळे ठरते, आणि ज्यामुळे ते ठरते ते ईश्वर नसेल तर शिल्लक राहते काय? प्रस्तुत व्याख्यानाचा विषय हा तिसरा प्रश्न आहे.

वस्तुनिष्ठ या शब्दाचा येथे अभिप्रेत असलेला अर्थ आधीच स्पष्ट केलेला बरा. एखादे नैतिक विधान वस्तुनिष्ठ आहे असे म्हणणे म्हणजे, ते खरे असेल तर ते कोणाच्या मानण्यामुळे, आवडण्यामुळे किंवा ठरवण्यामुळे खरे नाही, आणि सर्वांनी त्याच्या उलट मानले तर सर्व जण चुकलेले असतील, असे म्हणणे होय. याच्या विरुद्ध असलेल्या मताला, म्हणजे प्रत्येक समाजाची नीती त्या समाजापुरती खरी असते आणि तिच्यापलीकडे कोणताही निकष नसतो या मताला, सापेक्षतावाद म्हणतात. नीती वस्तुनिष्ठ मानण्याची गरज केवळ तत्त्वचिंतकांना भासते असे नाही. रूढ आचाराविरुद्ध उभ्या राहणाऱ्या प्रत्येक सुधारकाला ती भासते, कारण समाजमान्य ते सर्व योग्य असे म्हटले तर समाजाला चूक ठरवण्याचा अधिकार कोणालाच उरत नाही.

याचे महाराष्ट्राच्या इतिहासातील एक ठळक उदाहरण म्हणजे संमतिवयाच्या कायद्याचा वाद. १८६० च्या भारतीय दंडसंहितेने पत्नीशी शरीरसंबंधासाठी तिचे किमान वय दहा वर्षे ठरवले होते. बेहरामजी मलबारी यांनी १८८४ मध्ये बालविवाह आणि सक्तीचे वैधव्य यांवर टिपणे प्रसिद्ध करून हा विषय देशापुढे आणला. १८९० मध्ये कलकत्त्यात फुलमणी दासी या दहा-अकरा वर्षांच्या विवाहित मुलीच्या पतीकडून झालेल्या मृत्यूचा खटला गाजला. आणि मार्च १८९१ मध्ये ही मर्यादा बारा वर्षांवर नेणारा कायदा मंजूर झाला. विरोधकांचा एक मुख्य युक्तिवाद धर्माचा होता: मुलगी ऋतुमती होताच गर्भाधानविधी करणे शास्त्राने सांगितले आहे, आणि बाराव्या वर्षापूर्वी ती ऋतुमती झाली तर हा कायदा त्या विधीच्या आड येतो. लोकमान्य टिळकांचा विरोध मुख्यतः परक्या सरकारने कायद्याच्या जोरावर समाजाच्या धर्माचारात हात घालण्याला होता. डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांनी कायद्याच्या बाजूने उभे राहताना धर्मशास्त्रातीलच वचनांचा आधार घेऊन, शास्त्र या सुधारणेच्या आड येत नाही असे दाखवले. गोपाळ गणेश आगरकर यांची भूमिका या दोघांहून वेगळी होती. १८८८ मध्ये सुरू केलेल्या ‘सुधारक’ पत्रातून त्यांनी सातत्याने मांडले ते असे, की अपक्व वयाच्या मुलीला होणारी इजा हीच या प्रकरणातील निर्णायक गोष्ट असून शास्त्रवचनाची अनुकूलता किंवा प्रतिकूलता तिच्यात तिळमात्र भर घालत नाही वा तिच्यातून काही वजा करत नाही.

फुलमणीवर झालेला अत्याचार कायदा होण्यापूर्वीही अन्याय होता काय? समाजाने तो मान्य केला असता, शास्त्राने त्याला विधी म्हटले असते, तरी तो अन्यायच राहिला असता काय? या प्रश्नांना निःसंदिग्धपणे ‘होय’ असे उत्तर देणारा माणूस, त्याला जाणीव असो वा नसो, वस्तुनिष्ठ नीती मानणारा असतो. पण या ‘होय’च्या मागे ईश्वर उभा आहे काय, हे त्यावरून ठरत नाही.

तो उभा असलाच पाहिजे असे मानणारा जो सर्वांत सरळ सिद्धान्त आहे त्याला ईश्वराज्ञावाद म्हणता येईल. ईश्वराने सांगितले ते कर्तव्य आणि त्याने निषेधिले ते पाप, असा त्याचा आशय आहे. प्लेटोच्या ‘युथिफ्रो’ या संवादात सॉक्रेटिसने या सिद्धान्तापुढे टाकलेला पेच आजही सुटलेला नाही. स्वतःच्या बापावर मनुष्यवधाचा खटला भरायला निघालेल्या आणि आपण देवांना प्रिय असे पवित्र कर्म करत आहोत अशी खात्री बाळगणाऱ्या युथिफ्रोला सॉक्रेटिस विचारतो, की पवित्र गोष्ट पवित्र आहे म्हणून देवांना आवडते, की देवांना आवडते म्हणून ती पवित्र ठरते? पहिला पर्याय स्वीकारला तर पावित्र्याचा निकष देवांच्या आवडीबाहेर आणि तिच्याआधी आहे हे मान्य करावे लागते. दुसरा स्वीकारला तर देवांनी क्रौर्याची आज्ञा दिली असती तर क्रौर्य पवित्र झाले असते असे म्हणावे लागते, आणि मग ईश्वर चांगला आहे या भक्ताच्या अंतरीच्या शब्दांना ‘ईश्वर स्वतःच्या मनासारखे करतो’ एवढाच अर्थ उरतो. वस्तुनिष्ठतेची जी व्याख्या वर केली तिच्या दृष्टीने पाहिले तर दुसरा पर्याय नीतीला वस्तुनिष्ठ करतच नाही. तो फक्त ठरवणारी व्यक्ती बदलतो. समाजाच्या मर्जीऐवजी एका सर्वशक्तिमान सत्तेची मर्जी येते, आणि सामर्थ्य कितीही अमर्याद असले तरी सामर्थ्यातून योग्यता निष्पन्न होत नाही.

हा पेच ग्रीकांपुरता आहे आणि भारतीय परंपरेला तो स्पर्श करत नाही, असा एक समज आढळतो, परंतु तो टिकणारा नाही. भारतीय दर्शनांनी हा प्रश्न फार बारकाईने हाताळला आहे आणि त्यांचा कल बहुतांशी पहिल्या पर्यायाकडे आहे. ब्रह्मसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायात, जगातील विषमता आणि दुःख पाहता ईश्वर पक्षपाती आणि निर्दय ठरत नाही काय, असा पूर्वपक्ष उभा करून त्याचे उत्तर असे दिले आहे, की ईश्वर जीवांच्या धर्माधर्माची अपेक्षा ठेवून सृष्टी करतो, म्हणून दोष त्याच्याकडे येत नाही. शंकराचार्यांनी भाष्यात ईश्वराची तुलना पावसाशी केली आहे: पाऊस सर्व पिकांना सारखाच असतो, पण भात आणि जव वेगळे उगवतात ते ज्याच्या त्याच्या बीजामुळे. या उत्तराचा तार्किक परिणाम दूरगामी आहे. ईश्वर ज्या धर्माधर्माकडे पाहून फळ देतो ते धर्माधर्म त्याच्या इच्छेने निर्माण झालेले असतील तर पक्षपाताचा आक्षेप पुन्हा जसाच्या तसा उभा राहील. म्हणून ईश्वराला निर्दोष ठरवण्यासाठीच धर्माधर्माचा भेद त्याच्या मर्जीपासून स्वतंत्र मानावा लागतो. येथे नीतीला ईश्वराची गरज आहे असे दिसण्याऐवजी, ईश्वराच्या न्यायीपणालाच स्वतंत्र नीतीची गरज आहे, असे दिसते.

पूर्वमीमांसेने तर याहून पुढचे पाऊल टाकले. वैदिक कर्मकांडाचे सर्वांत निष्ठावान समर्थक असलेले मीमांसक जगत्कर्ता ईश्वर मानत नाहीत, ही गोष्ट महाराष्ट्रातील सामान्य आस्तिक वाचकाला आजही धक्कादायक वाटते. सातव्या शतकातील कुमारिल भट्टाने ‘श्लोकवार्तिका’त ईश्वरकर्तृत्वाचे जे खंडन केले आहे ते कोणत्याही आधुनिक निरीश्वरवाद्याच्या खंडनाइतकेच धारदार आहे; सृष्टीपूर्वी जीवच नसताना ईश्वराने करुणेने सृष्टी केली असे म्हणण्यात काय अर्थ, असे तो विचारतो. तरीही मीमांसकांच्या लेखी धर्म पूर्णपणे वस्तुनिष्ठ आणि बंधनकारक आहे. वेद अपौरुषेय, म्हणजे कोणत्याही पुरुषाने, अगदी ईश्वरानेही न रचलेले, असल्यामुळे त्यातील विधी कोणाची आज्ञा नसतात, आणि म्हणूनच आज्ञा देणाऱ्याच्या अज्ञानाचा किंवा लहरीचा दोष त्यांना लागत नाही, असे त्यांचे म्हणणे आहे. आज्ञा देणाऱ्याशिवाय आज्ञा असू शकते, हे त्यांनी या रीतीने गृहीत धरले. हा मार्ग आज घेता येण्याजोगा नाही, कारण ग्रंथ चिकित्सेच्या पलीकडे ठेवण्याची किंमत त्यासाठी मोजावी लागते, आणि ती किंमत या समाजातील शूद्रांनी, अस्पृश्यांनी आणि स्त्रियांनी पिढ्यान्‌पिढ्या मोजलेली आहे. तथापि ईश्वराशिवाय कर्तव्य ही कल्पना पाश्चात्त्यांच्या संसर्गाने येथे आली हे मत किती निराधार आहे, हे दाखवण्यास कुमारिलाचे उदाहरण पुरेसे आहे.

ईश्वराज्ञावादाच्या आधुनिक समर्थकांनी पेचातून सुटण्याचे प्रयत्न केले आहेत आणि त्यांतील अमेरिकन तत्त्वज्ञ रॉबर्ट अ‍ॅडम्स यांचा प्रयत्न सर्वांत प्रामाणिक आहे. त्यांच्या मते कर्तव्य म्हणजे कोणत्याही ईश्वराची नव्हे, तर प्रेमळ ईश्वराची आज्ञा. ईश्वराने क्रौर्यासाठी क्रौर्याची आज्ञा दिली तर ती बंधनकारक राहणार नाही. हे मत सुसंगत आहे, परंतु त्यात प्रेम चांगले आणि क्रौर्य वाईट हे आज्ञेच्या आधीच धरलेले आहे. ईश्वराचा स्वभावच चांगुलपणाचे प्रमाण आहे असे म्हटले तरी त्या स्वभावातील करुणा, न्याय, सत्यनिष्ठा हे गुण प्रमाण का आणि सामर्थ्य किंवा अनादित्व हे प्रमाण का नाही, असे विचारता येते, आणि त्याचे उत्तर देताना करुणेच्या ठिकाणी असे काय आहे हे सांगावेच लागते. जे सांगितले जाईल ते ईश्वर न मानणाऱ्यालाही उपलब्ध असते.

उलट बाजूने येणारा आक्षेप मात्र अधिक गंभीर आहे आणि निरीश्वरवाद्यांनी त्याला दिलेली उत्तरे पुष्कळदा उथळ असतात. दस्तयेव्हस्कीच्या ‘करमाझव बंधू’ या १८८० च्या कादंबरीतील इव्हानने, ईश्वर आणि अमरत्व नसेल तर सर्व काही अनुज्ञेय ठरते, हा विचार जगाच्या साहित्यात रुजवला. नीत्शेने त्याच काळात इंग्रज विचारवंतांना, विशेषतः जॉर्ज एलियट या लेखिकेला, असे सुनावले, की ख्रिस्ती ईश्वर टाकून ख्रिस्ती नीती तेवढी ठेवण्याचा हक्क कोणाला नाही. १९५८ मध्ये एलिझाबेथ अ‍ॅन्स्कोम या इंग्रज तत्त्वज्ञ महिलेने हाच मुद्दा अधिक नेमकेपणाने मांडला. ‘केलेच पाहिजे’ या नैतिक प्रयोगातील सक्तीचा भाव मूळचा कायद्याच्या कल्पनेतून आला. कायदा देणारा ईश्वर नाहीसा झाल्यावर तो भाव मागे उरला असला तरी त्याला आधार उरलेला नाही, असे तिचे म्हणणे होते. या आक्षेपाला ‘निरीश्वरवादी चांगले वागतात’ हे उत्तर नव्हे, कारण ते पहिल्या प्रश्नाचे उत्तर आहे. उत्क्रांतीत परस्पर साहाय्याची वृत्ती टिकाऊ ठरली हेही उत्तर नव्हे. उत्क्रांतिवादी तत्त्वज्ञ स्पेन्सरच्या प्रभावाखाली एकोणिसाव्या शतकातील सुधारकांनी ते फार वापरले, पण एखादी भावना कशी उपजली हे सांगितल्याने ती मानली का पाहिजे हे सांगितले जात नाही.

महाराष्ट्रात या आक्षेपाला सर्वांत भारदस्त रूप टिळकांनी दिले. मंडालेच्या तुरुंगात १९१०-११ च्या हिवाळ्यात लिहिलेला आणि १९१५ मध्ये प्रसिद्ध झालेला ‘गीतारहस्य’ हा ग्रंथ केवळ गीतेचे भाष्य नसून मराठीतील नीतिशास्त्राचा पहिला मोठा ग्रंथ आहे, आणि ज्या विचारांवर आगरकरांचे मन घडले त्या मिल-स्पेन्सरप्रणीत विचारांशी त्यात टिळकांनी पूर्ण ताकदीनिशी झुंज घेतली आहे. १८८२ मध्ये कोल्हापूर बदनामी खटल्यात डोंगरीच्या तुरुंगात एकत्र दिवस काढलेल्या या दोन मित्रांपैकी आगरकर १८९५ मध्येच निवर्तले होते. त्यामुळे या झुंजीला प्रतिपक्षाकडून उत्तर मिळाले नाही, ही मराठी विचारविश्वाची मोठी हानी आहे. नीतीकडे पाहण्याच्या दृष्टींचे आधिभौतिक, आधिदैविक आणि आध्यात्मिक असे तीन प्रकार टिळकांनी केले. आधिभौतिक म्हणजे बाह्य सुखदुःखाच्या परिणामांवरून कर्माची योग्यता ठरवणारा. मिलचा उपयुक्ततावाद, म्हणजे पुष्कळांचे पुष्कळ सुख हा निकष मानणारा सिद्धान्त, यातच मोडतो. त्यावर टिळकांचे दोन आक्षेप आहेत. कर्माची नैतिक योग्यता त्याच्या परिणामांत नसून कर्त्याच्या बुद्धीत असते, हा पहिला. आणि मी माझे सुख इतरांच्या सुखासाठी का सोडावे याचे उत्तर सुखाच्या हिशेबातून मिळू शकत नाही, हा दुसरा. दुसरा आक्षेप अचूक आहे. त्याची कबुली खुद्द उपयुक्ततावादाच्या सर्वांत सूक्ष्म प्रतिपादकाने, हेन्री सिज्विकने, १८७४ च्या आपल्या ग्रंथात दिली होती: स्वहित आणि कर्तव्य यांचा मेळ बसवण्यासाठी जगात काही नैतिक व्यवस्था आहे असे मानावे लागते, आणि तसे मानले नाही तर व्यवहारी विवेक दुभंगलेलाच राहतो.

टिळकांचे स्वतःचे उत्तर ईश्वराच्या आज्ञेचे नाही, आणि हे अनेकदा लक्षात घेतले जात नाही. गीतेच्या भक्ताने आणि निष्ठावान आस्तिकाने नीतीचा पाया शोधताना ‘देवाने सांगितले म्हणून’ असे म्हटलेले नाही. सर्वांभूती एकच आत्मा आहे, म्हणून दुसऱ्याशी आपल्यासारखे वागावे, या आत्मौपम्यबुद्धीवर त्यांनी तो पाया घातला. असाच विचार मांडताना जर्मन पंडित पॉल डॉयसन यांनी १८९३ मध्ये मुंबईत दिलेल्या व्याख्यानात, शेजाऱ्यावर प्रेम करावे असे ख्रिस्ती धर्म सांगतो पण का करावे हे वेदान्तच सांगतो, अशा आशयाचे प्रतिपादन केले होते. त्याच्या मुळाशी शोपेनहाउअरचा नीतिविचार आहे. हा युक्तिवाद मोहक आहे, पण त्यात एक उणीव आहे. दुसऱ्याचे दुःख माझेच आहे म्हणून मी ते दूर करावे असे म्हटले तर स्वार्थाचाच विस्तार केला जातो, त्याच्या पलीकडे जाणे होत नाही. फुलमणीचे दुःख दुसऱ्या कोणाचेही नव्हते. ते तिचे होते, आणि ते तिचे असूनही इतरांना त्याची दखल घेणे भाग होते, यातच नीतीचे सारे मर्म आहे. आत्मैक्याचा सिद्धान्त इतिहासात काय करू शकला, हाही प्रश्न टाळता येत नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी, महाराष्ट्र शासनाने १९८७ मध्ये प्रकाशित केलेल्या आपल्या लेखनात, तो नेमका विचारला आहे: सर्वत्र एकच ब्रह्म आहे हे तत्त्व लोकशाहीला बंधुभावाच्या तत्त्वापेक्षाही बळकट आधार देऊ शकले असते, असे मान्य करून, ते तत्त्व उराशी बाळगणाऱ्या समाजाने अस्पृश्यता कशी जोपासली, याचा जाब त्यांनी मागितला. तत्त्वज्ञान कितीही उदात्त असले तरी त्यातून नीती आपोआप निघत नाही, हा त्या जाबाचा अर्थ आहे.

मग वस्तुनिष्ठतेचा आधार कोणता? या व्याख्यानाची भूमिका अशी, की तो आधार कारणांच्या स्वरूपात आहे. मुलीच्या किंकाळीत ती कृती थांबवण्याचे कारण आहे. ते कारण पतीला दिसत नसले, समाजाला मान्य नसले, तरी ते असतेच, जसे पुढे दरी असेल तर पाऊल मागे घेण्याचे कारण चालणाऱ्याला दिसो वा न दिसो, असतेच. दुःख भोगणाऱ्याला स्वतःचे दुःख टाळण्याचे कारण असते हे कोणीही नाकारत नाही. प्रश्न एवढाच, की ते कारण त्याच्यापुरतेच का असावे. दुसऱ्याचे दुःख केवळ दुसऱ्याचे म्हणून नगण्य ठरवायचे, तर दोघांत तसा कोणता फरक आहे हे सांगावे लागते. आणि ‘तो मी नव्हे’ हा फरक प्रत्येकाला प्रत्येकाविरुद्ध वापरता येत असल्यामुळे तो कोणालाच काही सिद्ध करून देत नाही. कांटने १७८५ मध्ये ज्या कसोटीला नीतीचे मूलतत्त्व म्हटले, म्हणजे जो नियम सर्वांनी पाळावा असे सुसंगतपणे इच्छिता येईल त्यानुसारच वागणे, ती याच विचाराचे तार्किक रूप आहे. कांट ईश्वर मानत होता, पण कर्तव्याचा उगम म्हणून नव्हे. सद्गुण आणि सुख यांचा अखेर मेळ बसेल या आशेचा आधार म्हणून.

यावर जे. एल. मॅकी या तत्त्वज्ञाने १९७७ मध्ये असा आक्षेप घेतला, की स्वतःहून कृतीची मागणी करणारी कारणे जगात असतील तर त्या फारच विचित्र वस्तू म्हणाव्या लागतील, विज्ञानाला माहीत असलेल्या कोणत्याही वस्तूसारख्या नसलेल्या. ही विचित्रता नीतीपुरती असती तर आक्षेप जबर ठरला असता. परंतु पुरावा असेल तर विधान मानले पाहिजे आणि विरोधी पुरावा आढळल्यास सोडले पाहिजे, ही विज्ञानाचीच मागणीही तशाच प्रकारची आहे. तीही सूक्ष्मदर्शकाखाली दिसत नाही. ती नाकारणाऱ्याला मॅकीचा आक्षेप स्वीकारण्याचेही कारण उरत नाही. दि. य. देशपांडे यांनी १९९० मध्ये नागपुरातून सुरू केलेल्या मासिकातून, जे पुढे ‘आजचा सुधारक’ म्हणून ओळखले गेले, विवेकवादाची जी सविस्तर मांडणी केली तिचे महत्त्व यातच आहे, की विवेक हा केवळ साधनांचा हिशेब करणारा नसून साध्यांचाही विचार करू शकतो, हे आगरकरांच्या काळात नुसते गृहीत धरलेले सूत्र तिने तत्त्वज्ञानाच्या शिस्तीत तपासले.

कारणे दिसतात ती चुकत-माकत, आणि नैतिक ज्ञान वाढते ते याच रीतीने. बारा वर्षांची मर्यादा १८९१ मध्ये क्रांतिकारक वाटली. १९२९ च्या शारदा कायद्याने मुलींच्या विवाहाचे किमान वय चौदा केले. आणि ऑक्टोबर २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पंधरा ते अठरा वर्षांच्या पत्नीबाबत पतीला मिळणारी सवलत रद्द केली. हा केवळ मतांचा बदल आहे, वाढ नव्हे, असे म्हणणाऱ्याला पूर्वीच्या मताकडे परत जाण्यासही काही हरकत नसावी. पण तसे म्हणणारा बहुधा कोणी आढळत नाही.

निरीश्वर नीतीची जी मांडणी या देशात सर्वांत खोल गेली ती आंबेडकरांची आहे. १९५७ मध्ये, त्यांच्या निधनानंतर प्रसिद्ध झालेल्या ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ या ग्रंथात त्यांनी असे प्रतिपादले, की धर्मात ज्या जागी ईश्वर असतो त्या जागी धम्मात नीती आहे. पण ते येथे थांबले नाहीत. नुसती नीती पुरेशी नाही हेही त्यांनी तितक्याच स्पष्टपणे सांगितले. चोरांच्या टोळीत आपसांत नीती असते, व्यापाऱ्यांच्यात असते, जातीतही असते. ती त्या गटाच्या हिताचे रक्षण करते आणि गटाबाहेरच्यांना तिच्यात स्थान नसते. म्हणून नीती पवित्र आणि सार्वत्रिक असली पाहिजे: पवित्र म्हणजे सोयीनुसार मोडता न येणारी, आणि सार्वत्रिक म्हणजे दुर्बळालाही तेच संरक्षण देणारी. ईश्वर काढून टाकल्यावर नीती सैल होईल या भीतीला आंबेडकरांनी दिलेले हे उत्तर आहे, आणि ते भीती नाकारत नाही. ईश्वर असलेल्या समाजातही नीती जातीपुरती सैल होती, हा त्यांचा जन्मभराचा अनुभव होता. तेव्हा सार्वत्रिकतेची हमी ईश्वर देत नाही, ती माणसांना एकमेकांना द्यावी लागते, हे त्यांनी ओळखले.

तरीही ईश्वराबरोबर काही गमावले जाते, आणि ते लपवणे हा विवेकाचा अपमान आहे. गमावली जाते ती कर्तव्याची सत्यता नव्हे, तर त्याच्या फळाची खात्री. फुलमणीला न्याय मिळाला नाही, आणि ईश्वर नसेल तर तो कधीच मिळणार नाही. कर्मसिद्धान्त आणि ईश्वरश्रद्धा यांनी कोट्यवधी पीडितांना, आपले दुःख विश्वाच्या हिशेबात कोठेतरी नोंदले गेले आहे, असा जो दिलासा दिला तो खोटा असला तरी क्षुल्लक नव्हता. सिज्विकच्या निराशेचे मूळ येथेच आहे. त्याने मात्र स्वतःच्या आयुष्यात कर्तव्याला या खात्रीची वाट पाहायला लावली नाही. केंब्रिजमध्ये शिष्यवृत्तीधारक सभासदाचे पद राखण्यासाठी ज्या धर्मवचनांना मान्यता द्यावी लागे ती आपल्याला मान्य नाहीत हे जाणवताच १८६९ मध्ये त्याने त्या पदाचा राजीनामा दिला. आगरकरांनी विरोधकांनी जिवंतपणीच काढलेली आपली प्रेतयात्रा सोसली आणि लेखणी खाली ठेवली नाही. परलोकातील फळाची अपेक्षा नसलेल्या माणसाचे कर्तव्य जर निराधार असते, तर अशी आचरणे केवळ हट्ट ठरली असती. ती हट्ट नव्हती, कारण त्यांना दिसलेली कारणे खरी होती.

म्हणून या प्रश्नावर निर्णय द्यावयाचा तर तो असा: ईश्वर मानला तरी नीती त्याच्या आज्ञेवर उभी राहत नाही, आणि तो न मानला तरी ती कोसळत नाही; परंतु ईश्वरश्रद्धेभोवती जी आधाराची रचना उभी होती ती मात्र ईश्वराबरोबर जाते, आणि ती नव्याने उभारण्याचे काम निरीश्वरवाद्यांनी महाराष्ट्रात अजून फारसे केलेले नाही. गावोगावच्या कीर्तनाने, वारीने आणि सप्ताहाने नैतिक शिक्षणाचे जे काम केले, आणि गाडगेबाबांसारख्या माणसाने ज्या कीर्तनाचा उपयोग अंधश्रद्धेवर आघात करण्यासाठी केला, त्याच्या तोडीचे काही विवेकवादी चळवळींनी निर्माण केलेले नाही. मासिके निघाली, परिषदा भरल्या, वादविवाद झाले. पण मृत्यू झालेल्या घरात, कर्जात बुडालेल्या शेतकऱ्याच्या अंगणात, अत्याचार झालेल्या मुलीच्या दाराशी जाऊन बसणारी आणि तेथे परलोकाचे आश्वासन न देता सोबत देणारी माणसे फार थोडी आहेत. ईश्वर न मानणाऱ्यांनी यापुढे ईश्वराच्या अस्तित्वावरील वाद कमी करावेत आणि त्या घरांमध्ये अधिक जावे.